चौथ्या टाचणीची जागा

धाकटीनं सातवी टाचणी ओठांत धरली तेव्हा थोरलीनं हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"गिळलीस तर बातमी होईल," ती म्हणाली. "पण तुला हवी आहे ती नव्हे."

धाकटीनं नुसती मान हलवली. ओठांत टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही. फार तर गुणगुणता येतं. नेमकं हेच तिला येत्या गुरुवारी सगळ्यांना ऐकवायचं होतं, आणि हाताशी आठ दिवस होते.

घरात ती धाकटी, वय वर्षं एकावन्न. घराबाहेर ती अभिनेत्री. सत्तावीस वर्षांत चाळीसेक सिनेमे, त्यांतला लोकांच्या ध्यानात राहिलेला एक. थोरली बहीण तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत दोघी राहत. धाकटीच्या प्रसिद्धीचा थोरलीवर कधी काडीचाही परिणाम झाला नव्हता. भांडी घासायची पाळी कोणाची, हे ती भिंतीवरच्या तक्त्यात लिहून ठेवी, आणि तक्ता पाळावाच लागे.

ध्यानात राहिलेला तो एक सिनेमा तेवीस वर्षांपूर्वीचा. त्यात एक खिडकीचा प्रसंग होता. नवरा परत येणार की नाही हे माहीत नसलेली बाई खिडकीशी उभी राहून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालते आणि स्वतःशीच गुणगुणते. शब्द नाहीत. सात लहान ओळी, प्रत्येक ओळीनंतर एक थांबा. चौथ्या ओळीनंतरचा थांबा जरा लांब. आणि सातव्या ओळीनंतर धून अशी तुटते, की पायरी चढायला उचललेला ऐकणाऱ्याचा पाय हवेतच राहतो.

संगीतकारानं तीच धून मग सिनेमाभर खेळवली. बासरीवर, व्हायोलिनवर, शेवटी साठ वादकांवर. फोनच्या घंटीपासून दातांच्या पेस्टच्या जाहिरातीपर्यंत ती कुठं कुठं जाऊन आली. जाणकारांनी तिच्यावर लेख लिहिले. थांबे म्हणजे विरहात अडखळलेला श्वास, असं एकानं लिहिलं. चौथा लांब थांबा म्हणजे मृत्यूची चाहूल, असं दुसऱ्यानं. संगीतकार स्वतः प्रत्येक मुलाखतीत सांगत की ही धून मला एकशे तीन तापात सुचली.

थांबे म्हणजे टाचण्या होत्या, हे धाकटीला ठाऊक होतं.

त्या सिनेमाचा कपडेपट ज्या बाईंकडे होता त्यांना सगळं युनिट टाचणीमावशी म्हणे. नटांच्या पायाशी गुडघे टेकून त्या कपड्यांचा घेर बेतत. सात टाचण्या ओठांत. एक काढायची, दुमडीत खोवायची, मग दुसरी. तोंड मोकळं नसल्यानं त्यांचे हुकूम बोटानं सुटत. पोटरीवर एक टिचकी म्हणजे वळ, दोन टिचक्या म्हणजे हलू नकोस. नायक असो की घोडेवाला, टिचकीत फरक नसे. आणि हात चालू असले की मावशी गुणगुणत. ओठांतली टाचणी काढताना सूर थांबे, ती कापडात गेली की पुढं सुरू होई.

खिडकीच्या प्रसंगाच्या सकाळी धाकटीच्या निळ्या झग्याचा घेर दोन बोटं लांब भरला. मावशींनी समोरची बाजू टाचली, आणि मागची सुरू करणार तोच सहायक दिग्दर्शक दारातून ओरडला, "शॉट तयार!" कॅमेरा समोरच होता, त्यामुळे मागची बाजू तशीच राहिली. धाकटी खिडकीशी जाऊन घड्या घालू लागली. दिग्दर्शक म्हणाला, "दुकानातल्या पोरीसारखी घड्या घालतेयस. घरातली बाई आहेस तू. काहीतरी गुणगुण." कानात जे ताजं होतं तेच ओठांवर आलं.

शॉट पहिल्याच फेरीत मान्य झाला. खुर्चीत बसलेले संगीतकार उठून जवळ आले.

"ही चाल कुठली?"

"असंच. सुचली."

दोनच शब्द. भोवती पंधरा माणसं होती, दिग्दर्शकानं पहिल्यांदाच तिच्याकडे कौतुकानं पाहिलं होतं, आणि अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला खोटं बोलायला तेवढं कारण पुरतं. मावशी सुईदोरा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या असतील म्हणून बोलल्या नाहीत, असं धाकटीनं पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.

आता त्याच सिनेमाचा दुसरा भाग निघत होता. तीच बाई, तीच खिडकी, तेवीस वर्षांनंतर. गेली चार वर्षं धाकटीच्या वाट्याला दार उघडून "आलास बाळा?" म्हणणाऱ्या आया येत होत्या, त्यात हे काम म्हणजे कोरड्या विहिरीला पाणी लागावं तसं होतं. करारावर त्या गुरुवारनंतरच्या सोमवारी सह्या व्हायच्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी ती कपड्यांच्या मापाला गेली, तेव्हा नव्या कपडेपटवालीनं घेराला टाचण्यांऐवजी चिमटे लावले. हाताची पद्धत मात्र ओळखीची होती.

"कुणाकडे शिकलीस?"

"टाचणीमावशींकडे. सहा वर्षं."

"कशा आहेत गं मावशी?"

मुलगी घुटमळली. "बऱ्या आहेत म्हणायचं. डोक्यानं जरा... म्हणजे असं, नातीच्या शाळेत मुलांनी तुमची ती धून वाजवली. मावशी मधेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ही माझी आहे. सगळे हसले. मग घरीही तेच. रोज. शेवटी लेकीनं डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, भ्रम आहे, लक्ष ठेवा. आता गॅसजवळ जाऊ देत नाहीत. कात्री काढून घेतली. टाचण्यांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर. शहात्तर वर्षांचं माणूस, हाताला काम नाही. भिंतीकडे बघत बसतात."

धाकटी त्या दिवशी माप अर्धं टाकून घरी आली. करून सवरून ती स्वतः नामानिराळी राहिली होती आणि वेड्यात निघाली होती ती दुसरीच. तिनं मावशींच्या लेकीचा नंबर मिळवला आणि सगळं खरं सांगितलं. लेकीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचा मोठेपणा आहे," लेक म्हणाली. "पण आईचं मन राखायला असं नका सांगू. भ्रमाला खतपाणी घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय."

धाकटीनं फोन ठेवला. "खोटं बोलले तर कला," ती थोरलीला म्हणाली, "आणि खरं बोलले तर दया."

"नुसतं बोलून भागणार नाही," थोरली म्हणाली. "सिद्ध करावं लागेल."

नेमकं त्याच आठवड्यात निर्मात्यांच्या प्रसिद्धीवाल्यानं तिचा रेडिओवरचा कार्यक्रम ठरवला. गुरुवारी सकाळी अकरा ते बारा, थेट प्रसारण. पाहुण्यानं आवडीच्या पाच रचना निवडायच्या, मधे मधे पडद्यामागचे किस्से सांगायचे. पाचवी रचना प्रसिद्धीवाल्यानंच निवडून दिली होती. तीच धून.

*

पहिले तीन दिवस टाचण्या ओठांतून निसटत होत्या. चौथ्या दिवशी त्या टिकल्या, आणि मग खरी अडचण कळली. थोरलीनं मूळ रेकॉर्ड लावून प्रत्येक थांबा घड्याळावर मोजला होता आणि वहीत तक्ता केला होता. बाकी सगळे थांबे दोन सेकंदांचे. चौथा पावणेपाच. धाकटी कापड टाचत गुणगुणे तेव्हा तिचे सगळेच थांबे दोन सेकंदांचे होत.

"तुझी चौथी लवकर येतेय," थोरली म्हणाली.

"मुद्दाम थांबू का तिथं?"

"मुद्दाम थांबलीस तर तो अभिनय झाला. तुला अभिनय येतो हे सगळ्यांना माहीतच आहे."

शनिवारी आणि रविवारी दोघींनी डोकं खाजवलं. मावशींना तिथं खोकला आला असेल का? कुणी हाक मारली असेल का? सोमवारी दुपारी धाकटी सुकलेल्या उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. कडेवरून अंगठा फिरवता फिरवता तो एका जाड गाठीशी अडला. ती तशीच उभी राहिली.

"शिवण!" ती ओरडली. "अगं, शिवण! त्या झग्याला समोर दोन पट्ट्या होत्या. मधोमध जोड होता. इकडे तीन टाचण्या, तिकडे तीन, आणि चौथी बरोबर शिवणीवर. तिथं कापडाचे चार थर येतात. टाचणी एका झटक्यात जात नाही, रेटावी लागते!"

थोरली उठली. तिनं जाऊन आपल्या चांगल्या दोन अभ्र्यांतला एक घेतला, मधोमध कापला, पुन्हा जोडून शिवला आणि दुमड घालून धाकटीपुढे ठेवला. खाली बिस्किटांच्या डब्याचं झाकण ठेवलं, म्हणजे टाचणीचं टोक पत्र्यावर वाजेल आणि रेडिओवरही ऐकू जाईल. धाकटीनं सात टाचण्या ओठांत घेतल्या. टक. टक. टक. चौथीला अंगठ्यानं जोर लावावा लागला. टक.

"चार पूर्णांक सात," घड्याळाकडे बघत थोरली म्हणाली, आणि वहीत बरोबरची खूण केली. सेवेत असताना करायची तशीच, लाल पेनानं.

गुरुवारी सकाळी धाकटीनं अभ्रा, झाकण आणि टाचण्यांची डबी पिशवीत भरली. थोरली दारापर्यंत आली.

"हा झगा मागून लोंबतोय."

"रेडिओ आहे. कोण बघतंय?"

"काम जाईल तुझं."

"जाईल."

"ठरलंय ना मग?"

"ठरलंय."

"तर ताठ बसून गुणगुण. पोक काढलंस की तुझा सूर खाली येतो."

*

रेडिओची खोली लहान, भिंतींना जाड कापड, मधे गोल टेबल आणि दोन मायक्रोफोन. समोर निवेदिका, चष्मा डोक्यावर चढवलेली, वीस वर्षं हाच कार्यक्रम करणारी. काचेपलीकडच्या खोलीत बटणांपुढे एक जाडजूड तंत्रज्ञ, आणि त्याच्या खुर्चीला टेकून प्रसिद्धीवाला. आत येण्यापूर्वी त्यानं धाकटीच्या हातात टाइप केलेला कागद दिला होता.

"ताई, शेवटचं उत्तर एवढं जसंच्या तसं घ्या हं. 'ती धून ऐकली की मी आजही त्या खिडकीशी जाऊन उभी राहते.' मग नव्या सिनेमाची घोषणा. पुढच्या आठवड्यात संगीतकारांचा सत्कार आहे, त्यालाही बरं."

"पिशवीत काय आहे?" त्यानं मग विचारलं.

"शिवणकाम."

"वा! साधेपणा. हे पण सांगा."

लाल दिवा लागला. पहिला पाऊण तास सुरळीत गेला. धाकटीनं लहानपणी ऐकलेल्या सर्कशीच्या बँडची संचलनाची चाल वाजवायला लावली आणि पहिल्या सिनेमात दोन नंबर लहान बूट घालून पळताना अंगठ्याचं नख कसं गेलं ते सांगितलं. नायिकेचे म्हणून जे पाय पडद्यावर लंगडतात ते खरोखर लंगडत होते; परीक्षणात त्याला 'संयत देहबोली' म्हटलं गेलं. निवेदिका खळखळून हसली. मग एक चेलोवरचा संथ तुकडा झाला. रडायच्या प्रसंगाआधी धाकटी तो कानाला लावून बसे. एकदा प्रकाशयोजना चार तास लांबली आणि तिनं इतकं रडून घेतलं की प्रत्यक्ष शॉटला डोळे कोरडे ठणठणीत. तिसरं एक उडतं नाचगाणं, चौथी म्हणजे थोरली शिटीवर वाजवायची ती जुनी चाल.

"आणि आता पाचवी," निवेदिका म्हणाली. "ती कुठली, हे मी सांगायलाच नको. ती ऐकली की तुम्हाला काय आठवतं?"

काचेपलीकडून प्रसिद्धीवाल्यानं अंगठा वर केला. धाकटीनं कागद पालथा घातला.

"मी खोटं बोलले ते आठवतं," ती म्हणाली.

निवेदिकेनं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"ही धून मला सुचलेली नाही. संगीतकारांनाही नाही. त्या सिनेमाचा कपडेपट सांभाळणाऱ्या टाचणीमावशींची ती आहे. त्या सकाळी माझा घेर टाचताना त्या गुणगुणत होत्या. मी ती उचलली आणि शॉटमध्ये वापरली. कुठली चाल म्हणून संगीतकारांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, असंच सुचली. मावशी तिथंच उभ्या होत्या. त्यांच्या देखत म्हणाले."

काचेपलीकडे प्रसिद्धीवाला ताठ झाला. तो तंत्रज्ञाच्या कानाशी काहीतरी बोलला, मग बटणांकडे बोट दाखवून पुन्हा बोलला. तंत्रज्ञानं निवेदिकेकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. बंद करू?

निवेदिकेचा हात टेबलावर होता. तिनं तो वर उचलला, तर गाणं सुरू होणार आणि विषय संपणार. वीस वर्षांत तो शेकडो वेळा वर गेला असेल. तिनं तो मांडीवर ठेवला.

"हे तुम्ही आज का सांगताय?" तिनं विचारलं.

"कारण मावशी हे स्वतः सांगतात तेव्हा लोकांना वाटतं, म्हातारीला भ्रम झालाय. मी घरी फोन करून सांगितलं तर वाटतं, मी दया दाखवतेय. म्हणून मी पुरावा आणलाय."

"पुरावा?"

धाकटीनं पिशवी उघडली. झाकण टेबलावर ठेवलं, त्यावर अभ्रा पसरला, मायक्रोफोन खाली वाकवला. "या धुनेतले थांबे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्यावर पुस्तकातून लिहिलं गेलंय. तुम्ही मूळ रेकॉर्ड अगदी हळू आवाजात लावा. मी त्या झग्यासारखीच दुमड टाचते. मधे शिवण आहे, तशीच. पत्र्यावर टाचणी वाजेल तेवढं ऐका. मला आता बोलता येणार नाही."

तिनं एकेक करून सात टाचण्या ओठांत धरल्या. निवेदिकेनं काचेकडे बघून दोन बोटांनी खूण केली. प्रसिद्धीवाल्यानं तंत्रज्ञाच्या खांद्यावर हात ठेवला. तंत्रज्ञानं मान न वळवता खांदा झटकला, माशी झटकावी तसा, आणि रेकॉर्ड लावलं.

तेवीस वर्षांपूर्वीची धाकटी गुणगुणू लागली. आजची तिच्या मागोमाग. ओळ संपली, दोघी थांबल्या. टक. दुसरी ओळ. टक. तिसरी. टक. चौथी ओळ संपली. धाकटीनं टाचणी शिवणीवर ठेवली. ती जाईना. तिनं अंगठ्यानं रेटली. रेकॉर्डवरची मुलगी थांबलेली होती, टेबलापाशी बसलेली बाई थांबलेली होती, आणि पलीकडे घरोघरी ज्यांच्या हातात कप होते त्यांचे कपही बहुधा थांबले असावेत. टक. त्याच क्षणी रेकॉर्डवर पाचवी ओळ सुरू झाली.

सातवी टाचणी वाजली आणि धून नेहमीसारखी हवेत तुटली.

धाकटीनं ओठांवरून हात फिरवला. "इथं ती संपत नाही," ती म्हणाली. "इथं मला शॉटला बोलावलं. समोरची बाजू टाचून झाली होती, म्हणून मला तेवढीच येते."

निवेदिकेनं नेटका, सरळ प्रश्न विचारला. "संगीतकार आत्ता ऐकत असतील तर?"

"त्यांनी मला विचारलं होतं, खोटं मी सांगितलं. साठ वादकांचं काम त्यांचं, आणि ते सुंदरच आहे. तो ताप मात्र त्यांचा त्यांनी बघावा."

निवेदिकेला हसू आवरेना. तिनं मायक्रोफोनपासून तोंड वळवलं. बारा वाजायला एक मिनिट होतं. कार्यक्रमाच्या शेवटी ती नेहमी पाचव्या रचनेच्या रचनाकारांचा उल्लेख करी. तिनं समोरच्या चिठ्ठीवरचं संगीतकारांचं नाव पेनानं गोलात घेतलं, आणि म्हणाली, "आताची धून टाचणीमावशींची होती. वाद्यरचना संगीतकारांची. नमस्कार."

बाहेर मार्गिकेत प्रसिद्धीवाला उभा होता. आवाज चढवणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

"ताई, स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात. सोमवारचं... मी कळवतो."

"कळवू नका," धाकटी म्हणाली. "कळलं."

तंत्रज्ञ दारातून डोकावला. त्याच्या जाड बोटांत एक टाचणी होती. "टेबलाखाली पडली होती," तो म्हणाला. "मोजून सात पाहिजेत ना?"

"सात मी वापरल्या. ही आठवी, जास्तीची."

"तरी पण," तो म्हणाला, आणि तिच्या तळव्यावर ठेवून गेला.

*

पत्ता कपडेपटवालीनं दिला होता. टॅक्सीनं पाऊण तास लागला. तळमजला, हिरवं दार. तिनं बेल दाबली.

दार लेकीनं उघडलं. पन्नाशीची, हात ओले, डोळे लाल. तिनं "या" म्हटलं. मग बाजूला झाली.

मावशी खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. आकसलेल्या, पाठीत वाकलेल्या, पण डोळे तेच, कापडाचा दोष शोधणारे. टेबलावर रेडिओ होता आणि मांडीत पत्र्याचा गोल डबा. त्याच्या झाकणावरची धूळ बोटांच्या ठशांपुरती पुसली गेली होती.

"आत्ताच काढला फळीवरून," लेक मागून हळूच म्हणाली. "मीच."

मावशींनी धाकटीला नखशिखांत न्याहाळलं.

"चौथी बरोबर आली," त्या म्हणाल्या. "सहावी घाईनं मारलीस. आणि त्या टाचण्या काचेच्या डोक्याच्या होत्या ना?"

"हो."

"वाटलंच. आवाजावरून कळतं. ओठांत घसरतात त्या. पोटात गेली असती म्हणजे?"

"थोरली बहीणही हेच म्हणाली."

"काम गेलं?"

"गेलं."

"हं." मावशींनी डब्याचं झाकण उघडलं, मिटलं. "मला राग होता तुझा. एवढी वर्षं."

"माहीत आहे."

"माहीत होतं तर तेवीस वर्षं कशाला लावलीस?"

यावर सबब बनवायची नाही एवढं ती वाटेत ठरवून आली होती. मावशीही उत्तरासाठी अडून राहिल्या नाहीत. त्यांची नजर खाली गेली होती.

"हे काय घातलंयस? मागून लोंबतोय सगळा. वीतभर. कुणी शिवला?"

"विकतचा आहे."

"दिसतंयच." त्या लेकीकडे वळल्या. "ते स्टूल आण. हिला चढू दे. मला आता खाली बसता येत नाही."

लेकीनं स्टूल आणलं. धाकटी त्यावर चढली. मावशींनी डब्यातून टाचण्या वेचल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या, एक गंजलेली बाजूला टाकली. हात कापत होता. टाचण्या ओठांत गेल्या आणि तो कापायचा थांबला.

धाकटीच्या पोटरीवर एक टिचकी बसली. ती वळली. आता तिचं तोंड भिंतीकडे होतं आणि पाठ मावशींकडे.

मागून गुणगुणणं सुरू झालं. समोरची बाजू जिथं सुटली होती तिथूनच. धाकटीनं ती ओळ आयुष्यात ऐकली नव्हती, कोणीच ऐकली नव्हती, आणि तरी पहिल्याच सुराला तिचा हवेत राहिलेला पाय पायरीवर टेकला. थांबा. टाचणी. दुसरी ओळ. स्वयंपाकघरातला नळ वाहत होता. लेकीनं जाऊन तो बंद केला आणि दारातच उभी राहिली, ओले हात तसेच पुढे धरून.

धाकटीला मान वळवून बघायचा मोह झाला.

पोटरीवर दोन टिचक्या बसल्या.